जिवंत मुद्देमाल

आपला गुडघा दुखतो ही गोष्ट अंजूरच्या केसरीनाथ तऱ्यांनी घरात कोणालाही सांगितली नव्हती. बायकोला तर नाहीच नाही. गावदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा सव्वीस वर्षं त्यांच्या खांद्यावर होता, आणि पुढचा दांडा धरणाऱ्याला नुसतं चालून भागत नाही, गुडघे वाकवून पालखी नाचवावी लागते, देवळापासून पार खाडीच्या बंदरापर्यंत. यंदाच्या चैत्रात अर्ध्या वाटेवर उजव्या गुडघ्यातून अशी कळ आली की त्यांनी पायात काटा भरल्याचं सोंग केलं आणि दांडा रामनाथच्या खांद्यावर दिला. रामनाथ त्यांचा चुलतभाऊ. दुसऱ्याची फिरकी घेण्यापलीकडे त्याला उद्योग नाही. ‘काय केसरीनाथ, काटा निघाला का?’ असं तो आषाढ लागला तरी रोज विचारत होता.

डॉक्टरकडे जावं तर डॉक्टरच्या बाकड्यावर अर्धं अंजूर बसलेलं. मग केसरीनाथांच्या कारखान्यातल्या लडकूने उपाय सांगितला. केसरीनाथांचं कामतघरला सायझिंग होतं, म्हणजे सूत लूमवर चढण्याआधी त्याला खळ लावून कडक करायचा कारखाना. त्याच्या बॉयलरवर लडकू वीस वर्षं ड्युटी करत होता. तो म्हणाला, “शेठ, नाक्यावर सांड्याचा तेलवाला बसतो. दोन दिवस चोलला का घोड्यासारखा पलाल.”

उपायात एकच गोम होती. सांडा म्हणजे तिकडे राजस्थानच्या वाळवंटात राहणारा काटेरी शेपटीचा सरडा, आणि त्याच्या तेलाने पुरुषाची गेलेली जवानी परत येते अशी साऱ्या भिवंडीची समजूत होती. गुडघ्यासाठी घेतो असं सगळेच म्हणायचे आणि गुडघ्यासाठी कोणीच घ्यायचं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा, दोन नातवंडांचा आजोबा त्या तेलवाल्यापुढे उकिडवा बसलेला कोणी पाहिला असता तर रामनाथला आयुष्यभराची शिदोरी मिळाली असती.

म्हणून केसरीनाथ गेले ते भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत नाका ओस पडतो तेव्हा. गाडी लांब उभी केली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि वर काळा चष्मा चढवला. एवढी तयारी करून माणूस जास्तच नजरेत भरतो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तेलवाला चादर पसरून बसला होता. पुढे बाटल्या, स्टोव्ह, कढई आणि एक लाकडी खोका.

“जोडों के लिए,” केसरीनाथ खालच्या आवाजात म्हणाले.

“हाँ हाँ शेठ, सब जोडों के लिए ही लेते हैं,” तेलवाला म्हणाला आणि डोळा मिचकावला. “ताजा निकाल के दूँगा.”

त्याने खोक्याचं झाकण काढलं. आत तीन सांडे होते. दोघांची कंबर मोडलेली होती, पळू नयेत म्हणून. तिसरा धड होता, जाडजूड, आणि केसरीनाथांकडे मान वर करून बघत होता. “वो मोटावाला,” केसरीनाथांनी बोट दाखवलं. तेलवाल्याने त्याची शेपटी धरून त्याला कढईवर आणलं, आणि नेमक्या त्याच क्षणी मागून एक हात आला आणि त्याने तेलवाल्याचं मनगट धरलं.

हात धम्मपालचा होता. धम्मपाल वनरक्षक, कामतघरच्याच चाळीत राहणारा, नोकरीत अजून कायम न झालेला आणि म्हणूनच कायद्याचा पक्का. गेल्या साली याच धम्मपालने जंगलखात्याचा पास नसलेली ऐनाची लाकडं बॉयलरपुढे पकडून केसरीनाथांना दंड लावला होता. आज तो साध्या कपड्यांत होता. त्याने केसरीनाथांना टॉवेलसकट ओळखलं.

“शेठ, तुम्ही इथे?”

“जात व्हतो,” केसरीनाथ म्हणाले. “असाच. रस्त्यानी.”

“बरं झालं. दोन पंच लागतात. एक रिक्षावाला मिळालाय, दुसरे तुम्ही.”

गिऱ्हाईक म्हणून नाव लागण्यापेक्षा पंच म्हणून लागलेलं बरं, असा हिशेब केसरीनाथांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत केला आणि कोणी सांगण्याआधी पेन मागून घेतलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं की पंच क्रमांक दोन हे सदर रस्त्याने जात असता बोलावल्यावरून हजर झाले. जन्मात एवढ्या उत्साहाने त्यांनी कुठल्याच सरकारी कागदावर सही केली नव्हती. तेलवाला मात्र जीपमध्ये चढताना त्यांच्याकडे बघून गालात हसला, आणि त्यांनी टॉवेल कपाळावर आणखी खाली ओढला.

पाच दिवसांनी धम्मपाल सायझिंगवर आला. हातात तोच खोका.

“कंबर मोडलेले दोन्ही गेले,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “हा एकच राहिला. वाळवंटातला जीव, त्याला कोरडी ऊब लागते, आणि आपल्याकडे या दिवसांत काडेपेटीसुद्धा ओली होते. प्राणिसंग्रहालयवाले म्हणतात, केस संपेपर्यंत घेत नाही. माझ्या खोलीत भिंतीला बुरशी आहे. भिवंडीत बारा महिने कोरडी ऊब असलेली एकच जागा मला माहीत आहे.”

“कंची?”

“तुमच्या बॉयलरमागची.”

केसरीनाथांना मनातून बरंच वाटलं. ज्या बॉयलरवरून या पोराने दंड लावला तोच बॉयलर मागायला तो दारात उभा होता. त्यांनी त्याला चहा पाजला, वाट बघायला लावली आणि मग मोठ्या मनाने हो म्हटलं. धम्मपालने लगेच एक कागद पुढे केला. जिवंत मुद्देमाल, नग एक, पंच क्रमांक दोन यांच्या ताब्यात तात्पुरत्या देखभालीसाठी दिला आहे, न्यायालय मागेल तेव्हा जिवंत स्थितीत हजर करावा.

“आनि मेला तर?” सही करून झाल्यावर केसरीनाथांनी विचारलं. अशा गोष्टी ते सही झाल्यावरच विचारत.

“तर मी वर काय लिहू? कायद्याने तो सरकारचा आहे. वाघासारखाच. मारायचा नाही, विकायचा नाही, पाळायचा नाही.”

“मंग मी काय करतोय?”

“तुम्ही सांभाळताय,” धम्मपाल म्हणाला. “पाळत नाही.”

हा फरक केसरीनाथांना शेवटपर्यंत कळला नाही, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली ती उडालीच. बॉयलरमागे विटांच्या भिंतीला लागून लडकूने जाळीचा पिंजरा ठोकला आणि खाली सुकी रेती टाकली. सांडा रेतीत पसरला. आणला तेव्हा काळवंडलेला होता, उबेने तासाभरात फिकट झाला. तिथवर ठीक होतं. पुढे प्रश्न आला खाण्याचा.

लडकू म्हणाला, “शेठ, ही घोरपडच, फक्त मारवाडची. घोरपड काय खाते? आपून खातो तेच.” लडकू खाडीकाठचा, केसरीनाथही खाडीकाठचे, आणि खाडीकाठी दारात आलेल्या पाहुण्याला काय वाढायचं यावर दुमत नसतं. पहिल्या दिवशी सुकट दिली. सांड्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ओला जवळा. तिसऱ्या दिवशी केसरीनाथांनी आक्काकडून, म्हणजे आपल्या बायकोकडून (सगळा गाव तिला आक्का म्हणत असल्यामुळे तेही म्हणत), भरलेल्या निवट्यांचा डबा मागवला आणि मसाला स्वतः धुवून ती खाडीच्या चिखलातली मासळी पिंजऱ्यात ठेवली. सांडा पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला.

“रुसलाय,” लडकू म्हणाला.

“मरेल रं,” केसरीनाथ म्हणाले. त्यांना खरोखरच घाम फुटला होता. सही आठवून फुटला की सांड्याचं आत गेलेलं पोट बघून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. लडकू शुक्रवारी बॉयलरवरच्या देवीच्या तसबिरीला झेंडूचा हार घालायचा. भट्टीची धग लागून हार सुटला आणि पिंजऱ्यात पडला. दोघं खळीच्या टाकीकडून परत येतात तर सांडा देवीचा हार खात होता. एकेक फूल नीट तोंडात धरून, डोळे मिटून, तब्येतीत.

लडकूने कानाला हात लावले. केसरीनाथ मात्र तिथल्या स्टुलावर मटकन बसले आणि हसत सुटले. “अरे, हा तर माळकरी निघाला,” ते म्हणाले. “आनि आपून त्याला निवटी भरवतो.”

मग मेथी आली, भिजवलेली मटकी आली, भोपळ्याची फुलं आली. आक्काने परसातली फुलं तोडून द्यायला सुरुवात केली तेव्हा विचारलं, “कोनासाठी नेता एवढी?” केसरीनाथ म्हणाले, “मुद्देमालासाठी.” आक्काने आणखी चार फुलं तोडून दिली.

त्या स्टुलावर बसायची केसरीनाथांना सवयच लागली. आधी ऑफिसात पंख्याखाली बसणारा माणूस, आता सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास बॉयलरमागच्या भिंतीला पाय लावून बसू लागला. वरवर कारण असं की मुद्देमाल जिवंत आहे ना, बघायला हवं. सांडा त्यांच्याकडे म्हाताऱ्या मावशीसारख्या शांत चेहऱ्याने बघायचा. केसरीनाथ त्याला सुताचे भाव सांगायचे, सुनेच्या तक्रारी सांगायचे, आणि एकदा तर त्यांनी त्याला, जे कोणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. “तुला कढईत घालनार व्हतो मी. गुडघ्यापायी. बोट दावून, मोठा बघून निवडलेला तुला.” सांड्याने मटकीचा दाणा उचलला. त्याने माफ केलं असावं, किंवा त्याला मराठी येत नसावं. पण केसरीनाथांना त्या दिवशी स्वतःची फार शरम वाटली.

एरवी अशा खटल्यांची तारीख लागेपर्यंत पंच म्हातारे होतात. पण मुद्देमाल जिवंत असल्याने मॅजिस्ट्रेटबाईंनी सुनावणी लवकर लावली, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात. आदल्या दिवशी धम्मपाल आला तो काळजीत.

“शेठ, रिक्षावाला पंच गावी निघून गेला, पत्ता लागत नाही. आणि तेलवाला आता म्हणतोय, खोका माझा नव्हताच. फॉरेस्टवाल्याने स्वतः आणून ठेवला आणि मला अडकवलं. माझ्यावर उलट अर्ज दिलाय त्याने. तो खरा धरला तर मी कायम होणं सोडाच, आहे ती नोकरी जाईल.” तो जरा थांबला. “तुम्ही रस्त्याने जाताना जेवढं पाहिलंत तेवढं सांगा. बस.”

रस्त्याने जाताना किती पाहिलं होतं, हे केसरीनाथांना पक्कं ठाऊक होतं. सगळं पाहिलं होतं. झाकण तेलवाल्याने काढलं, सांडा तेलवाल्याने उचलला. पण रस्त्याने जाणारा माणूस एवढं बघत नाही. एवढं फक्त गिऱ्हाईक बघतं.

दुसऱ्या दिवशी ते भिवंडी कोर्टात पोचले आणि वर येताच थबकले. गोडाऊनच्या जमिनींच्या वाटणीचा गावकीचा दावा त्याच दिवशी, त्याच मजल्यावर होता. अंजूरची तीस-चाळीस माणसं व्हरांड्यात पांढरे कपडे घालून उभी, आणि सगळ्यांत पुढे रामनाथ. त्यांचा दावा पुढे ढकलला गेला होता, त्यामुळे आता ती सगळी माणसं रिकामी होती आणि त्यांना करमणूक हवी होती.

“केसरीनाथ सरड्याच्या खटल्यात साक्षीदार,” रामनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “चला, बघून येऊ.”

दाराशी तेलवाला त्यांच्या जवळ सरकला. जामिनावर सुटलेला, कपडे झकपक. “शेठ,” तो हळूच म्हणाला, “आप तो बस गुजर रहे थे ना? वही बोलना. मैं भी चुप, आप भी चुप. दिवाली पे पाच नग आ रहे हैं, एक शीशी आपको फ्री.”

पाच नग. केसरीनाथांना खोक्यातले ते दोघे आठवले, कंबर मोडलेले.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्यांनी एकदा मागे पाहिलं. बाकं अंजूरने भरली होती. पुढच्या टेबलावर जाळीच्या खोक्यात मुद्देमाल बसला होता, झेंडूची पाकळी ओठाला चिकटलेली. सरकारी वकिलांनी सोपे प्रश्न विचारले, सही ओळखून घेतली आणि खाली बसले. मग तेलवाल्याचा वकील उठला.

“तुम्ही त्या दिवशी रस्त्याने जात होतात?”

“तसा लिवलाय.”

“म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा खोका आधीच उघडा होता. तो कोणी आणला, कोणी उघडला, तुम्ही पाहिलं नाही. फक्त हो किंवा नाही सांगा.”

हो म्हटलं की सुटका होती. अब्रू शाबूत, रामनाथ गप्प, एक बाटली फुकट. धम्मपाल भिंतीला टेकून उभा होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता. सांडा मात्र केसरीनाथांकडेच बघत होता, पहिल्या दिवशी खोक्यातून बघत होता तसाच.

“न्हाय,” केसरीनाथ म्हणाले. “पायलं मी. सगला पायलं. खोका ह्या मानसानी उघडला. सांडा ह्यानीच उचलला. मी बोट दावलं म्हनून उचलला.”

वकील गोंधळला. “तुम्ही कशाला बोट दाखवाल? तुम्ही तर जात होतात.”

“जात नव्हतो. तेल घ्यायला आल्तो.”

मागच्या बाकांवर आधी माना एकमेकांकडे वळल्या. मग कोणीतरी तोंडावर रुमाल धरून खोकला, मग दुसरा खोकला, आणि बघता बघता अख्ख्या अंजूरला खोकला झाला. शिपाई ओरडला. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा काढला.

“पंचनाम्यात मग खोटं का सांगितलंत?”

“लाज वाटली, बाई.”

“लाज कसली? कशासाठी हवं होतं तेल?”

सरकारी कामात असा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. केसरीनाथांना वाटलं, जमीन दुभंगावी. “गुडघ्यासाठी,” ते म्हणाले.

आता खोकलाही कोणी केला नाही, सरळ हसले. तेलवाल्याचा वकील हसला, टंकलेखक हसला. खुद्द धम्मपालने मान फिरवली आणि त्याचे खांदे हलू लागले. मॅजिस्ट्रेटबाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्यांनाही कागद तोंडापुढे धरावा लागला.

“घेतलं असतंत तर आज तुम्हीही आरोपी असता, कळलं का? वनरक्षकाने वेळेवर हात धरला म्हणून वाचलात.” मग त्यांनी जरा मऊ आवाजात विचारलं, “आता कसा आहे गुडघा?”

केसरीनाथांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. कोर्टाचा जिना ते चढून आले होते. दोन मजले. कठड्याला हात न लावता. दुखतंय की नाही हे बघायला त्यांनी पिंजऱ्यातच गुडघा एकदा वाकवला, पुन्हा वाकवला.

“बरा हाय,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एवढं नवल होतं की हसणारे क्षणभर थांबले. “मंजे, तीन महिने ह्याच्याजवल बसतो ना बॉयलरमागं, शेक लागतो. ह्यानी बरा केला. तेल न काढता.”

हे मात्र कोणीच खरं मानलं नाही. पण साक्ष खरी मानली गेली. त्यानंतर दोन तारखांत निकाल लागला. तेलवाल्याला कैद झाली, दंड झाला, धम्मपालवरचा अर्ज फेटाळला गेला, आणि मुद्देमाल नग एक हा त्याच्या मूळ प्रदेशात नेऊन सोडावा असा हुकूम निघाला. धम्मपाल स्वतः घेऊन निघाला तेव्हा केसरीनाथांनी मेथीच्या दोन जुड्या आणि झेंडूची पिशवी बरोबर दिली. “गाडीत खायाला,” ते म्हणाले, आणि मग उगाच लडकूवर ओरडले की भट्टीत लाकडं कमी का घातलीस. लडकूने त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण त्याचेही डोळे ओले होते आणि दोघांनी धुराचं नाव घेतलं.

पण ते नंतरचं. साक्षीच्या दिवशी केसरीनाथ घरी आले ते ओसरीवरूनच परत फिरावं अशा बेताने. त्यांच्या आधी रामनाथ येऊन गेला होता हे उघड होतं. आक्का विळीवर मासे कापत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

“ऐकलंस?” केसरीनाथ म्हणाले.

“ऐकला.”

“लोक काय बोलतात ते खरा न्हाय. मी गुडघ्यासाठीच...”

“मना म्हाईत हाय.”

केसरीनाथ बघत राहिले. मॅजिस्ट्रेट नाही, वकील नाही, ज्याची नोकरी वाचवली तो धम्मपालसुद्धा नाही, भरल्या कोर्टात एका माणसाने विश्वास ठेवला नव्हता. “तुना कसा म्हाईत?”

“सव्वीस वर्सं पालखीच्या मागनं मीच चालते,” आक्का म्हणाली. “चैताला काटा भरला बोललात. पायात वहाना नव्हत्या, रगत नव्हता, आनि लंगडत व्हतात गुडघ्यात. मागच्याला दिसतो सगला.” तिने माशाचं डोकं बाजूला ठेवलं. “सगल्या कोर्टाला सांगितलात. त्या सरड्याला सांगितलात, लडकू बोलला मना. फक्त मना न्हाय सांगितलात.”

केसरीनाथांनी दिवसभर वकिलाला, बाईंना, गावाला उत्तरं दिली होती. आता मात्र ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघा पुरा दुमडून, आणि तिने पुढे सरकवलेली कोथिंबीर निवडू लागले.

दुसऱ्या वर्षी चैत्रात पालखीचा पुढचा दांडा त्यांनीच घेतला. रामनाथ मागून ओरडत होता, “नाचव सांडाशेठ, नाचव,” आणि पोरं ते उचलून धरत होती. हे नाव आता मरेपर्यंत सुटणार नव्हतं. केसरीनाथ बंदरापर्यंत नाचले, आणि वाटेत तीनदा त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. तिन्ही वेळा आक्का त्यांच्या गुडघ्याकडेच बघत चालली होती.